नाइट म्यूझिक

नाइट म्यूझिक : अमेरिकन दूरचित्रवाणीवर रात्री उशिरा दाखवला जाणारा संगीतकार्यक्रम (१९८८–९०). निरनिराळ्या परंपरांतील कलावंतांना एकाच भागात बोलावून त्यांना एकत्र गायला-वाजवायला लावणे, हे त्याचे वैशिष्ट्य. निर्मितीची सूत्रे ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’चे जनक लॉर्न मायकल्स यांच्याकडे होती. पहिल्या पर्वात तो एनबीसी वाहिनीवर ‘संडे नाइट’ या नावाने रविवारी रात्री लागे. दुसरे पर्व देशभरातील स्थानिक केंद्रांना स्वतंत्रपणे विकण्यात आले. ‘मिकेलोब’ ही बिअर प्रायोजक असल्याने तिचे नावही शीर्षकात आले.

निवेदक व वादक : अल्टो सॅक्सोफोनवादक डेव्हिड सॅनबॉर्न (१९४५–२०२४) कार्यक्रमाचे सूत्रधार होते. लहानपणी पोलिओ झाल्याने फुप्फुसे बळकट व्हावीत म्हणून त्यांनी हे वाद्य हाती घेतले. स्टीव्ही वंडर, डेव्हिड बोवी अशा अनेकांना त्यांनी साथ केली होती. जॅझ, सोल आणि रॉक या तिन्हींत वावरल्यामुळे कोणत्याही पाहुण्याशेजारी उभे राहून ते वाजवू शकत. पहिल्या पर्वात ‘स्क्वीझ’ या ब्रिटिश गटाचे पियानोवादक जूल्स हॉलंड सहनिवेदक होते. ओमार हकीम (ड्रम), हायरम बुलक (गिटार), फिलिप सेस (कीबोर्ड) व डॉन अलायस (तालवाद्ये) यांच्यासारखे वादक कार्यक्रमाच्या वाद्यवृंदात होते. संगीत दिग्दर्शनाचे काम मार्कस मिलर आणि काही काळ जॉर्ज ड्यूक यांनी पाहिले. परस्परांना अनोळखी पाहुण्यांना जोडणारा दुवा हा वाद्यवृंदच होता.

पाहुण्यांची निवड : संगीत संयोजक हॅल विलनर (१९५६–२०२०) यांनी कार्यक्रमाला त्याचा खरा तोंडवळा दिला. थेलोनिअस मंक, कुर्ट वाइल अशा एकेका संगीतकाराच्या रचना भिन्न पंथांच्या कलावंतांकडून गाऊन-वाजवून घेणारे ध्वनिमुद्रिका-संच त्यांनी आधीच काढले होते. तीच रीत त्यांनी पडद्यावर आणली. लोकप्रियतेच्या यादीकडे न पाहता ते जोड्या जुळवत. कंट्री गायक कॉनवे ट्विटी आणि चेहरे झाकून वावरणारा प्रयोगशील गट ‘द रेसिडेंट्स’ एकाच भागात आले. माइल्स डेव्हिस, सन रा व त्यांचा ‘आर्केस्ट्रा’, फॅरोआ सँडर्स अशा जॅझमधील मोठ्या नावांनाही येथे जागा मिळाली. मधूनमधून जुन्या जॅझवादकांच्या चित्रफितीही दाखवल्या जात.

गाजलेले प्रसंग : १९८९ मध्ये लेनर्ड कोहेन यांच्या ‘हू बाय फायर’ या गीताला सनी रोलिन्स यांनी टेनर सॅक्सोफोनची साथ केली. ज्यू प्रार्थनेवर आधारलेल्या या संथ गीतात रोलिन्स यांचे मुक्त वादन गाण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. ‘सॉनिक यूथ’ या कर्कश गिटारसाठी प्रसिद्ध असलेल्या गटाने ‘स्टूजेस’चे ‘आय वॉना बी युवर डॉग’ सादर केले, तेव्हा सॅनबॉर्न आणि लोकसंगीताच्या वळणाने गाणाऱ्या ‘इंडिगो गर्ल्स’ त्यांच्यासोबत मंचावर होत्या. तयार ध्वनिमुद्रणावर ओठ हलवण्याची पद्धत टीव्हीवर सर्रास असताना येथे सारे प्रत्यक्ष वाजवले जाई. त्यामुळे एकमेकांचा अंदाज घेणारे वादकही प्रेक्षकांना दिसत.

समाप्ती व प्रभाव : दोन पर्वांनंतर १९९० मध्ये कार्यक्रम बंद पडला. पुढे प्रेक्षकांनी घरी व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतलेले भाग हातोहात फिरले व नंतर इंटरनेटवर आले. सॅनबॉर्न यांनी उत्तरायुष्यात ‘सॅनबॉर्न सेशन्स’ या इंटरनेट मालिकेद्वारे सहवादनाचा हा धागा पुन्हा हाती घेतला. हॉलंड यांचा ‘लेटर...’ हा कार्यक्रम १९९२ मध्ये बीबीसी टू वाहिनीवर सुरू झाला. त्यात एकाच दालनात वर्तुळाकार मांडलेल्या मंचांवरून कलावंत आळीपाळीने सादरीकरण करतात. तेथे पाहुणे एकमेकांचे श्रोते असतात, पण बहुधा आपापलेच गाणे सादर करतात. ‘नाइट म्यूझिक’ने त्यांना एकमेकांच्या गाण्यात उतरवले.