त्रिनाट्यधारा आणि प्रेक्षकाची स्मृती

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले, तेव्हा प्रेक्षकाने पाहिले ते एक स्वयंपूर्ण नाटक. धरणगावच्या देशपांड्यांकडे तात्याजींचा मृत्यू झाला आहे. तेराव्याच्या खर्चावरून भास्कर आणि सुधीर हे भाऊ एकमेकांना जोखत आहेत. अंगणात ट्रॅक्टर निकामी पडून आहे. ढासळत्या वाड्याविषयी हळहळ वाटणे, आणि त्या हळहळीवरच थांबणे, या प्रेक्षकाला शक्य होते.

१९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘आविष्कार’तर्फे ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगान्त’ यांसह तिन्ही नाटके सलग सादर केली आणि ही सोय संपली. आठ-नऊ तासांच्या त्या अवधीचे नुसते कौतुक करण्यात अर्थ नाही. दाभोसा धबधब्याच्या आसपासच्या जव्हार-मोखाडा भागात बोहाडा रात्री रंगतो, आणि त्यातील मुखवट्यांची सोंगे त्या त्या घराण्याकडे वंशपरंपरेने चालत येतात. दीर्घ प्रेक्षण मराठी मुलखाला मुळीच नवे नाही. मात्र तेथे पिढ्या मुखवट्याआड असतात आणि सोंगे बव्हंशी पुराणातली, पाहणाऱ्याला आधीपासून ठाऊक असलेली. त्रिनाट्यधारेत पिढ्या हाच नाट्यविषय आहे, आणि प्रेक्षकापाशी असलेली स्मृती काही तासांपूर्वी, त्याच रंगमंचावर घडलेली आहे.

ही स्मृती न्यायनिवाडा करू लागते. प्रतिष्ठेपायी शिक्षण नाकारले गेलेली प्रभा, दागिने घेऊन पळालेली रंजू, या पहिल्या नाटकातील घटना पुढे केवळ पूर्वकथा राहत नाहीत. दुसऱ्या नाटकात, दहा वर्षांनंतर, परागच्या नव्या संसाराकडे प्रेक्षक त्यांच्यासकट पाहतो. पूर्वीची हळहळ त्यामुळे संशयास्पद होते: चिरेबंदीपणाची किंमत कोणी मोजली?

‘युगान्त’ सुटे वाचल्यास चिंतनपर, काहीसे शब्दबहुल वाटते, हे मान्य करावयास हवे. वास्तववादी घाट तेथे सैल झाला आहे. परंतु सलग प्रयोगात उजाड, कोरड्या गावात पराग आणि अभय हे चुलतभाऊ बोलू लागतात, तेव्हा प्रेक्षकाला त्यांच्या बापांची घासाघीस ऐकू येत असते. त्या पिढीपाशी वाटून घेण्यास निदान सोने होते.