करवंटीतून गोळीत

मिरी आणि नागवेल यांच्याच कुळातलं एक झुडूप प्रशांत महासागरातल्या बेटांवर लावतात: कावा. फिजी, टोंगा, वानुआतू इथे त्याचं मूळ कुटून, पाण्यात कालवून, गाळून पितात. जीभ बधिर होते, अंग सैलावतं, डोकं बरंचसं शाबूत राहतं. पाहुणा आला, तंटा मिटवायचा असला, की करवंटी भरली जाते. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेल्या गेओर्ग फोर्स्टरने त्याला जे लॅटिन नाव दिलं, त्याचा अर्थ ‘मादक मिरी’. मला ते जरा अन्यायाचंच वाटतं.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कावा युरोपात चिंतेवरची गोळी झाली. अर्क आता पाण्यात नव्हे, अल्कोहोल किंवा अॅसिटोनमध्ये निघू लागला. यकृत बिघडल्याच्या नोंदी आल्या आणि २००२मध्ये जर्मनीने परवाने काढून घेतले. बेटांवरच्या शेतकऱ्यांचा बाजार बसला. २०१४मध्ये तिथल्याच न्यायालयाने बंदी फिरवली, तरी वाद मिटला नाही.

मग पाण्यातला कावा निर्धोक? तसंही नाही. रोज भरपूर पिणाऱ्यांची कातडी खवल्यांसारखी होते, हे बेटांना जुनंच ठाऊक. दारूसोबत तर तो नकोच. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या आर्नेम लँडमध्ये दारूला पर्याय म्हणूनच तो पोचला. बेटांवरचे रिवाज मात्र मागेच राहिले, आणि पिणं वाढत गेलं.