अंगण आखताना विचारलं, पण…

इंग्लंडच्या न्यूकॅसल शहरातली बायकर ही कामगारांची जुनी वस्ती. 1960च्या दशकात पालिकेनं ती पाडून नवी घरं बांधायचं ठरवलं. वास्तुरचनाकार राल्फ अर्स्किन यांनी वस्तीतल्याच एका जुन्या दुकानात कार्यालय थाटलं. येता-जाता कुणीही आत शिरावं, तक्रार सांगावी. आधी जेनेट स्क्वेअरला 46 घरं बांधली, तिथल्या कुटुंबांकडून शिकून पुढचं आखलं. घरांमध्ये गाड्यांविना वाटा, झाडं, बसायला बाकं आली. पाडलेल्या इमारतींचे दगडही अंगणात मांडले.

पण काम वर्षानुवर्षं लांबलं. जुन्या रहिवाशांपैकी 20 टक्क्यांहून कमी लोकांना तिथं घर मिळालं. शेजार पांगला.

घरकुलाच्या बैठकीत अंगणाबद्दल बोलाच. सोबत विचारा, ‘तोवर आम्ही राहायचं कुठं? परत कधी येणार?’