आलेखातून लूप-शिक्षण

आलेखातून लूप-शिक्षण : गणिती आलेख काढायला लावून नवशिक्यांना प्रोग्रामिंगमधील लूप, म्हणजे ठरावीक सूचनांची पुनरावृत्ती, शिकवण्याची पद्धत. तिचा पाया शाळेतच घातलेला असतो. महाराष्ट्राच्या दहावीच्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणांसाठी क्ष आणि य यांचा तक्ता भरून बिंदू मांडतात. हाताने चार-पाच बिंदू काढून झाले की विद्यार्थी कंटाळतो आणि तेच काम लूपकडे सोपवावेसे त्याला आपणहून वाटते.

सुरुवात सरळ रेषेने होते. नंदुरबारच्या बाजारातली मिरची १५० रुपये किलो धरली, तर १ ते १० किलोंची किंमत म्हणजे दीडशेचा पाढाच. किलो हा लूपचा चल, किंमत ही बिंदूची उंची. पुढची पायरी य = क्ष² या वर्गसमीकरणाची. क्ष −५ पासून ५ पर्यंत न्यायचा असताना पायथॉनच्या रेंजमध्ये −५ आणि ५ लिहिले, तर लूप ४ वरच थांबतो, कारण शेवटची संख्या धरली जात नाही. अन्वस्ताचा, म्हणजे या समीकरणाच्या वक्राचा, डावा हात २५ पर्यंत चढतो, उजवा १६ वरच तुटतो. संख्यांच्या यादीत नजरेतून निसटणारी ही चूक चित्रात लंगडी दिसते. ५ च्या जागी ६ का लिहायचे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. अट खरी असेपर्यंत फिरणाऱ्या व्हाईल लूपमध्ये क्ष वाढवायचा राहिला, तर बिंदूवर बिंदू पडत राहतो आणि प्रोग्राम थांबत नाही.

वक्र गुळगुळीत करण्यासाठी पाऊल ०.१ चे घेतात. इथे जपावे लागते. शून्यात ०.१ दहा वेळा मिळवल्यावर संगणकाला नेमका १ मिळत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ मिळतो, म्हणून ‘१ झाला की थांब’ ही अट कधीच पुरी होत नाही. पूर्णांकांत मोजून १० ने भागणे हा खात्रीचा उपाय. लूपच्या पोटातला लूप समजावायला ठिपक्यांची रांगोळी उत्तम : बाहेरचा लूप ओळ बदलतो, आतला त्या ओळीतले ठिपके टाकतो.

चित्रातून प्रोग्रामिंग शिकवण्याची परंपरा १९६७ च्या लोगो भाषेपर्यंत जाते. सीमोर पेपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन हे या भाषेचे प्रमुख निर्माते. तिच्यातले ‘कासव’ नावाचे चिन्ह आज्ञेनुसार पुढे चालून, वळून रेघ काढते. भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पाने शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आणले. त्यांच्या बेसिक भाषेत फॉर-नेक्स्ट लूप आणि रेघ काढण्याच्या आज्ञा हाताशीच होत्या. लोगोच्या वळणाच्या केटर्टल या प्रोग्रामवर मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ आहेत.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात या पद्धतीचे मोल विशेष आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. घरी भिली, पावरी किंवा मावची बोलणारे मूल शाळेत मराठी शिकते आणि संगणकापुढे बसताच त्याची गाठ इंग्रजी आज्ञांशी व इंग्रजी त्रुटीसंदेशांशी पडते. शिवाय लूप एक फेरी कमी फिरला, तर त्रुटीसंदेश येतच नाही. आखूड पडलेली रेघ मात्र कोणतीही बोली बोलणाऱ्या मुलाला बोट ठेवून दाखवता येते.