दिनविशेष : २६ जानेवारी
समुद्रतळाच्या धातूगुठळ्या हाती

१९८१ : गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरून बहुधातू गुठळी वर काढली. भारताला मिळालेला हा पहिलाच नमुना.

बटाट्याएवढ्या या काळ्या गुठळ्यांत मँगनीज, तांबे, निकेल आणि कोबाल्ट असते. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांमुळे शेवटच्या दोहोंना आज मोल आले आहे, आणि कोबाल्टसाठी आपण परदेशावरच अवलंबून आहोत. मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा गुठळ्यांच्या शोधाचा हक्क भारताकडे आहे. मात्र गुठळी दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढते. ती उचलली की तिच्या आधाराने जगणारे जीवही जातात. उपशाची घाई नको. आधी तळाचा अभ्यास पुरा व्हावा.