राज्य हरवलेली वकिलात

वकिलातीमागे राज्य उभे असते, असा आपला समज. मुंबईतील पोलिश वकिलातीचा इतिहास मात्र निराळा आहे. 1939 साली जर्मनी व सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. त्याचे सरकार परागंदा होऊन अखेर लंडनमध्ये स्थिरावले. तरीही कॉन्सल-जनरल युजेनिउश बानासिन्स्की यांचे मुंबईतील कार्यालय चालूच राहिले.

सोव्हिएत रशियाने सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केलेल्या पोलिशांची सुटका 1941 च्या कराराने झाली. त्यांच्यासाठी वकिलातीने व कॉन्सलपत्नी कीरा बानासिन्स्का यांनी मदत उभी केली. मुंबईहून साहित्य घेऊन गेलेल्या लॉऱ्या 1942 मध्ये अश्गाबादहून अनाथ मुलांना घेऊन परतल्या. वांद्र्यात काही काळ राहून ही मुले जामसाहेबांच्या नवानगर संस्थानातील बालाचडीस गेली. 1943 पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे 5,000 निर्वासितांची छावणी वसली. त्यांत बहुतांश स्त्रिया व मुलेच होती.

5 जुलै 1945 रोजी ब्रिटनने वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली. लंडनच्या सरकारबरोबर मुंबईच्या वकिलातीचाही आधार गेला. वळिवड्याची माणसे मात्र तेथेच होती. परतावे, तर अनेकांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेलेली! 1948 पर्यंत छावणी रिती झाली. तेथे फाळणीचे सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते हेच.

सीमाभागातील आपणांस हे समजावून सांगावे लागू नये. सरहद्दी नकाशावर सरकतात. माणसांना मात्र त्यानंतरही कोणाच्या तरी दाराशी जावे लागते. ते दार काही वर्षे तरी उघडे राहिले, हे मुंबईच्या त्या कार्यालयाचे श्रेय.