साथीच्या गिटारीचा ठेका : ‘ला पाँप’चा उगम व एक गैरसमज

रोमा लोकांची भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे, हा सिद्धान्त आता वादातीत झाला आहे. १७८२ मध्ये र्‍यूडिगर यांनी त्याचे प्रतिपादन केले व १९२६ मध्ये राल्फ टर्नर यांनी ध्वनिपरिवर्तनाच्या आधारे या कुळातील रोमानीचे स्थान निश्चित करण्याचा प्रयत्न केला. फ्रान्समधील ज्या शाखेस ‘मानूश’ म्हणतात, तिचे नाव मराठी ‘माणूस’ या शब्दाचे सगोत्र आहे. या नात्यामुळे पुष्कळदा असे गृहीत धरले जाते की, ‘जिप्सी जॅझ’ या नावाने ओळखले जाणारे संगीतही भारतातून निघालेल्या एखाद्या परंपरेचा अवशेष असावे. हे गृहीत कितपत ग्राह्य आहे, याची परीक्षा त्या संगीतातील साथीच्या गिटारीवरून चांगली करता येते. एकल वादकाची प्रतिभा ही व्यक्तिगत बाब म्हणून बाजूस ठेवता येईल. साथीची पद्धती मात्र सामूहिक असते, आणि परंपरेचा शोध अशाच ठिकाणी घ्यावयाचा असतो.

१९३४ मध्ये पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात नृत्यासाठी वाजविणारे काही वादक विश्रांतीच्या वेळी पडद्यामागे आपल्यापुरते वादन करीत. त्यांतूनच ‘क्वँतेत द्यु हॉट क्लब द फ्रान्स’ हा पंचक उदयास आला. त्यात व्हायोलिनवर स्तेफान ग्रापेल्ली, मुख्य गिटारीवर जांगो राइनहार्ट (१९१०-१९५३), डबल बेसवर लुई व्होला आणि साथीच्या गिटारींवर रोजे शापू व जांगोचा धाकटा भाऊ जोझेफ हे होते. जोझेफ मागाहून आला. ग्रापेल्लीच्या एकल वादनास दोन गिटारींची साथ मिळते आणि आपल्या वाट्यास एकच येते, अशी जांगोची तक्रार होती, असे सांगितले जाते. पंचकातील पाचही वाद्ये तारांची होती. ड्रम नव्हते व पियानोही नव्हता. तालाचा भार सर्वस्वी डबल बेस व दोन गिटारी यांवर पडला. पुढील सर्व विवेचनाचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

या गरजेतून जो ठेका घडला, त्यास फ्रेंच वादक ‘ला पाँप’, म्हणजे ‘पंप’, असे म्हणतात. चार मात्रांपैकी पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर नखीचा आघात प्रामुख्याने खर्जाच्या तारांवर होतो व नाद किंचित रेंगाळू दिला जातो. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर नखी सर्व तारांवरून झपाट्याने खाली येते, आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटे तारांवरील दाब सैल करतात. तारांवरून बोट न उचलता दाब काढल्यामुळे नाद तेथेच खुंटतो व ड्रमच्या कोरड्या ठोक्यासारखा ध्वनी निघतो. पहिल्या व तिसऱ्या मात्रेच्या ऐन आधी पुष्कळ वादक खालून वर जाणारा एक निसटता आघात घालतात. त्याने लयीस पुढे रेटल्याचा भास होतो. अतिजलद लयीत तो बहुधा गळतो. उजवे मनगट गिटारीच्या फळीवर न टेकता अधांतरी राहते. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरसमूह, मोजक्या स्वरांचे घेतले जातात, आणि खर्जाची तार दाबण्यासाठी डाव्या हाताचा अंगठाही मानेवरून वळवून वापरला जातो. येथे खरे कौशल्य आघातात कमी व नाद थांबविण्यात अधिक आहे.

या पद्धतीची सामग्री कोठून आली, हे शोधणे कठीण नाही. पॅरिसच्या नृत्यगृहांतील ‘म्युझेत’ संगीतात अकॉर्डियनच्या मागे बँजोवर ताल धरण्याची प्रथा होती. जांगो किशोरवयात हेच काम करी. १९२८ मधील त्याची पहिली ध्वनिमुद्रणे अकॉर्डियनवादकाच्या साथीस बँजो वाजवितानाचीच आहेत. त्याच वर्षी गाडीतील बिऱ्हाडास लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे अधू झाली. तिसरा घटक अमेरिकन जॅझ होय. व्हायोलिन व गिटार यांच्या जोडीचा आदर्श जो व्हेनुटी व एडी लँग यांनी १९२० नंतरच्या दशकात घालून दिला होता. चौथा घटक म्हणजे मारिओ माकाफेर्री यांच्या आराखड्यानुसार १९३२ पासून पॅरिसच्या सेल्मर कारखान्याने बनविलेली गिटार. तिचा खणखणीत व दूरवर पोहोचणारा नाद विद्युत्साहाय्यावाचून नृत्यगृहात ऐकू येई.

ड्रमच्या अभावाशी या ठेक्याचा संबंध होता, याचा पुरावा पुढील इतिहासातच मिळतो. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा पंचक लंडनमध्ये होता. ग्रापेल्ली तेथेच राहिला, जांगो पॅरिसला परतला. १९४० मध्ये त्याने नवा पंचक उभारला, त्यात व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट आली व ड्रमही आले. आणि साथीच्या दोन गिटारींपैकी एक गळाली. कार्य करणारे दुसरे वाद्य येताच पहिल्याची गरज उणावली. अमेरिकेत काउंट बेसीच्या वृंदात १९३७ पासून फ्रेडी ग्रीन गिटारीवर चारही मात्रा बहुतांशी सारख्या वजनाने वाजवी. तेथे ड्रमवादक होताच, तेव्हा ड्रमचे काम गिटारीने अंगावर घेण्याचे कारण नव्हते.

‘ला पाँप’मधील खर्ज व कोरडा ठोका यांच्या आलटापालटीने मराठी वाचकास डग्ग्याची व चाटेची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु भाषाशास्त्रात नाते ठरते ते नियमित ध्वनिसंवादांवरून; सुट्या सादृश्यावरून ठरत नाही. संगीतास हा निकष लावला, तर येथे आवर्तन, सम व खाली यांची व्यवस्था आढळत नाही, आणि ठेक्याचे नाव रोमानी नसून फ्रेंच आहे. भाषेतही सर्वच वारसा एका ठिकाणचा नसतो. रोमानीत एक ते चार हे आकडे ‘येक, दुई, त्रिन, श्तार’ असे आहेत व दहास ‘देश’ म्हणतात. मात्र सात, आठ व नऊ यांचे शब्द ग्रीक आहेत. जेथे मुक्काम पडला तेथील वस्तू आत्मसात करण्याची हीच वृत्ती पॅरिसमध्ये दिसते. ‘जॅझ मानूश’ हे नावदेखील जांगोच्या हयातीत रूढ नव्हते.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. कला रक्तातून उतरते असे मानणारा विचार स्तुतीच्या रूपाने आला, तरी त्याचे दुसरे रूप युरोपने पाहिले आहे. त्याच रक्ताच्या नावाने नाझी राजवटीत लक्षावधी रोमा व सिंती मारले गेले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्विट्‌झमधील त्यांची छावणीच नाहीशी करण्यात आली. शिवाय या विचाराने श्रमाचे श्रेय लोपते. शापू हा मानूश नव्हता, व्होला व ग्रापेल्लीही नव्हते. जोझेफ होता, आणि ठेका सर्वांनी मिळून घडविला. नंतरच्या पिढ्यांतही तो वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या मनगटाकडे पाहत, वर्षानुवर्षे साथ करून शिकला गेला. १९८९ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या नेदरलँड्समधील रोझेनबर्ग त्रयीतही ड्रम नाहीत. नूशे रोझेनबर्गची साथच ते काम करते. येथे परंपरा निश्चित आहे. परंतु ती शिकविण्याची परंपरा आहे, आणि तिचा आरंभ गंगेच्या वा सिंधूच्या काठी नव्हे, तर सेन नदीच्या काठच्या नृत्यगृहांत शोधावयास हवा.